बॉनेटवरचा आकडा आणि रानातली ताकद : ट्रॅक्टरच्या अभियंत्यांना खुले पत्र

प्रति,
ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्यांच्या आरेखन, चाचणी आणि सेवा विभागांतील सर्व अभियंते

विषय : इंजिनाची अश्वशक्ती कुठे आणि कशी मोजली हे ग्राहकाला स्पष्ट सांगण्याबाबत, तसेच दुरुस्ती करणाऱ्याचा हात इंजिनापर्यंत पोहोचू देण्याबाबत.

सन्माननीय महोदय आणि महोदया,

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावी गेली एकोणतीस वर्षे मी ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज चालवतो. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचे शिक्षण घेतल्यावर काही वर्षे एका विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली आणि मग स्वतःचे शटर उघडले. या काळात किती इंजिने खोलली आणि बांधली याची मोजदाद मी ठेवलेली नाही. मात्र दाराशी आलेल्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकून पंपाचे दुखणे आहे की नोझलचे, हे बहुतेक वेळा सांगता येते, एवढा अनुभव गाठीशी आहे. अभियंत्यांविषयी मनात अढी धरून मी हे लिहीत नाही. तुम्ही घडवलेल्या यंत्रांवरच माझे घर चालते. तरीही गेल्या रब्बी हंगामात असे काही घडले की ते गिळून गप्प बसणे मला जमले नाही.

एका ओळखीच्या शेतकऱ्याने पन्नास अश्वशक्तीच्या गटातला म्हणून नवा ट्रॅक्टर घेतला आणि त्याला जोडायला सहा फुटी रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती फोडणारे अवजार, घेतला. विक्रेत्याने दोन्ही आकडे जुळवून दिले होते. पन्नासच्या ट्रॅक्टरला सहा फुटी चालतो, असा बाजारातला सर्वमान्य हिशेब आहे. उसाचा खोडवा मोडलेल्या काळ्या रानात हा रोटाव्हेटर टेकवला की इंजिन काळा धूर टाकत बसायचे, फेरे उतरायचे आणि ढेकळे तशीच राहायची. त्याने ट्रॅक्टर माझ्याकडे आणला. मी एअर फिल्टर स्वच्छ केला, टॅपेट तपासले, डिझेलच्या वाटेत कुठे हवा ओढली जाते का ते पाहिले. इंजिनात काही दोष नव्हता. मी त्याला कंपनीकडे तक्रार करायला सांगितले. कंपनीचे सेवा अभियंता आले, त्यांनी लॅपटॉप जोडला, अर्धा तास पाहणी केली आणि तक्रारपत्रावर शेरा लिहिला : इंजिन विनिर्देशानुसार शक्ती देत आहे, बाहेरच्या मेकॅनिककडून काम करून न घेण्याची समज ग्राहकास देण्यात आली.

कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या माणसाने हाच शेरा लिहिला असता अशी माझी खात्री आहे. या शेऱ्यात दोन विधाने आहेत. त्यांतले पहिले शब्दशः खरे आहे आणि माझी मोठी तक्रार त्या खरेपणाबद्दलच आहे. दुसऱ्या विधानाकडे नंतर येतो.

अश्वशक्ती हे माप मुळात गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी जन्माला आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॉटला आपले वाफेचे इंजिन विकायचे होते आणि समोरच्या कारखानदाराचा प्रश्न साधा होता : हे घेतले तर माझे किती घोडे कमी होतील? म्हणून वॉटने घोड्याच्या कामाचा हिशेब मांडला आणि मिनिटाला 33,000 फूट-पाउंड म्हणजे एक अश्वशक्ती असे ठरवले. आजच्या मापात ती 745.7 वॅट होते. आमच्याकडे हेच माप बैलांवरून ठरले असते, तर एक चांगली बैलजोडी म्हणजे साधारण एक अश्वशक्ती असा सोपा हिशेब आजोबांनाही कळला असता. सांगायचे ते इतकेच की विकत घेणाऱ्याला कामाचा अंदाज यावा म्हणून जो आकडा निघाला, तो आता विकत घेणाऱ्यालाच कळेनासा झाला आहे.

आकडा मोजण्याची क्रिया गूढ नाही, हे मी स्वतः केलेले असल्यामुळे सांगतो. शिकत असताना आमच्या कार्यशाळेत पाच अश्वशक्तीचे एक संथ चालीचे डिझेल इंजिन होते. त्याच्या चाकावर दोर गुंडाळून एका टोकाला वजने टांगायची, दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा काटा लावायचा, चाक तापू नये म्हणून त्यात पाणी सोडायचे आणि फेरे मोजायचे. वजन आणि काटा यांतला फरक, चाकाची त्रिज्या आणि फेरे एवढ्यावर गणित सुटे. प्रोनी नावाच्या फ्रेंच अभियंत्याने 1821 साली लाकडी ठोकळ्यांचा जो ब्रेक केला, त्याचाच हा गरीब भाऊ. तुमच्या प्रयोगशाळेतले डायनामोमीटर पाण्यावर किंवा विद्युतचुंबकावर चालतात आणि काटा संगणकात असतो, पण तत्त्व तेच आहे. फिरणाऱ्या दांड्याला अडवायचे आणि तो किती जोराने, किती फेऱ्यांना अडवणाऱ्याला ढकलतो ते पाहायचे.

मोजणी सोपी असली, तरी मोजणीच्या वेळी इंजिनाच्या अंगावर काय काय होते, दांडा कुठला पकडला होता, फेरे किती होते आणि हवा कशी होती, या चार प्रश्नांच्या उत्तरांनी आकडा बदलतो. ही उत्तरे तुमच्या फायलीत असतात. ग्राहकाच्या हातात फक्त आकडा येतो.

आधी अंगावर काय होते ते पाहू. आयएसओ 14396 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीत रेडिएटरचा पंखा न जोडता इंजिन मोजले जाते. पद्धत म्हणून त्यात काही गैर नाही. वेगवेगळ्या यंत्रांत जाणारी इंजिने एका मापाने तोलायची तर असे काही ठरवावेच लागते. पण माझ्या गावात पंखा काढून ट्रॅक्टर चालवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. चैत्रातल्या उन्हात तो पंखा इंजिनाकडून एक-दोन किलोवॉट सहज घेतो. अमेरिकेत मोटारींच्या बाबतीत हाच खेळ वर्षानुवर्षे चालला होता. तिथे इंजिन जवळजवळ उघडे ठेवून काढलेली शक्ती जाहिरातीत छापत. 1972 पासून सर्व जोडभाग लावलेल्या इंजिनाची शक्ती छापायला सुरुवात झाली, तेव्हा कॅडिलॅक एल्डोराडोच्या 8.2 लिटर इंजिनाचा आकडा आदल्या वर्षीच्या 365 वरून 235 वर आला. इंजिनात सांगण्यासारखा बदल नव्हता, मोजण्याची रीत बदलली होती.

मग हवेचा प्रश्न. चाचणी कोणत्याही दिवशी घेतली, तरी निकाल 25 अंश तापमान आणि 99 किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब अशा प्रमाण स्थितीला गणिताने आणून लिहिण्याची पद्धत आहे. तो दाब समुद्रसपाटीच्या जवळपासचा आहे. आम्ही साडेपाचशे मीटर उंचीवर राहतो, आणि पुणे-नाशिककडचे शेतकरीही साधारण तेवढ्याच उंचीवर आहेत. टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची शक्ती दर तीनशे मीटरला सुमारे तीन टक्क्यांनी उतरते असा ढोबळ हिशेब आम्हाला शिकवला होता. त्यावर एप्रिलमधले बेचाळीस अंश तापमान आणि टाकीत तापून पातळ झालेले डिझेल यांची भर घाला. देशावरचा ट्रॅक्टर कागदावरच्या ट्रॅक्टरपेक्षा जन्मतःच थोडा अशक्त असतो, आणि ही गोष्ट विक्रेत्याच्या दुकानात कोणी उच्चारत नाही.

सगळ्यात मोठी तफावत मात्र दांडा आणि फेरे यांच्यात आहे. इथे एक उदाहरण मांडतो. आकडे मी धरलेले आहेत, पण त्या गटातल्या इंजिनाला ते अनोळखी वाटू नयेत. समजा, कागदावर मिनिटाला 2,100 फेऱ्यांना 36.5 किलोवॉट, म्हणजे मेट्रिक मापाने 49.6 अश्वशक्ती लिहिली आहे. हा आकडा क्रँकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरचा. शेतकरी रोटाव्हेटर क्रँकला जोडत नाही, तो पीटीओला, म्हणजे अवजार फिरवण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे असलेल्या दांड्याला जोडतो. पीटीओचे प्रमाणित 540 फेरे मिळतात तेव्हा त्याचे इंजिन 1,700 फेऱ्यांवर असते असे धरू, आणि तिथे टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 185 न्यूटन मीटर आहे असे धरू. टॉर्कला फेऱ्यांनी गुणून 9,549 ने भागले की किलोवॉट येतात : 32.9 किलोवॉट, म्हणजे 44.8 अश्वशक्ती. गिअर आणि बेअरिंगांनी त्यातले दहा टक्के खाल्ले की पीटीओच्या दांड्यावर 40.3 उरतात. ढेकळांत फेरे आणखी उतरून इंजिन 1,300 वर आले, तर टॉर्क वाढून 200 झाला तरी क्रँकवर 37 आणि दांड्यावर 33 च्या आसपास अश्वशक्ती राहते. पंखा आणि उंची यांची वजावट अजून केलेलीच नाही. पन्नास ऐकून सहा फुटी घेतलेल्या माणसाचे रान का फुटत नव्हते, ते यातून कळावे.

सेवा अभियंत्यांचे विधान खरे होते असे मी म्हटले ते यामुळेच. इंजिन विनिर्देशानुसारच चालले होते. विनिर्देश त्या शेताविषयी नव्हता, एवढेच.

आकडे लपवले जातात असा आरोप मी करत नाही. मध्य प्रदेशात बुदनी येथे कृषी यंत्रांचे प्रशिक्षण देणारी आणि त्यांची चाचणी घेणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिथल्या चाचणी अहवालात पीटीओवरची कमाल शक्ती, प्रमाणित पीटीओ फेऱ्यांवरची शक्ती, ओझे वाढल्यावर कामी येणारा टॉर्क किती टक्के राखीव आहे, दर किलोवॉट-तासाला किती ग्रॅम डिझेल लागले, इतकेच नव्हे तर 43 अंशांच्या आसपासच्या गरम हवेत काय झाले, हे सगळे वेगवेगळे नोंदलेले असते. म्हणजे शेतकऱ्याला हवा असलेला आकडा तुमच्याकडे आहे, सरकारी शिक्क्यानिशी आहे. फक्त तो इंग्रजी तक्त्यात आहे आणि बॉनेटवर दुसराच आहे. गंमत अशी की कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय योजनेत अनुदानासाठी ट्रॅक्टरचे गट 8 ते 20, 20 ते 40, 40 ते 70 असे पीटीओ अश्वशक्तीवर पाडलेले आहेत. सरकार अनुदान देताना पीटीओ विचारते आणि विक्रेता विकताना क्रँक सांगतो. अर्ज भरताना दोन्हींत फरक आहे हे शेतकऱ्याला पहिल्यांदा कळते, आणि तो ‘मिस्त्री, माझा ट्रॅक्टर कमी ताकदीचा दिलाय का हो?’ असे विचारत माझ्याकडे येतो.

अश्वशक्तीही एकच नाही, हे आणखी एक. वॉटची 745.7 वॅटची, मेट्रिक 735.5 वॅटची. फरक दीड टक्क्याहून कमी आहे, पण 1 जानेवारी 2023 पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे कडक निकष लागू झाले आणि तिथली रेघ 37 किलोवॉटवर आहे. वॉटच्या मापाने ती 49.6 होते आणि मेट्रिक मापाने 50.3. त्यानंतर कित्येक मॉडेलांचे आकडे त्या रेघेच्या अगदी अलीकडे येऊन थांबले. त्यात बेकायदा काही नाही आणि कारणही मला समजते, कारण रेघेपलीकडे कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल सोडणारी यंत्रणा), सेन्सर आणि धूर गाळणारी यंत्रणा येते आणि किंमत वाढते. परंतु रेघेच्या अलीकडच्या त्या ट्रॅक्टरचेही नाव ‘पन्नासच्या गटातला’ असेच राहते. गट हा शब्द माप नव्हे.

आता शेऱ्यातल्या दुसऱ्या विधानाकडे वळतो. बाहेरच्या मेकॅनिककडे जाऊ नका, असे तुम्ही म्हणता. आधी आमच्या बाजूची चूक कबूल करतो, म्हणजे पुढचे बोलायला मला तोंड राहील. ‘दम नाही, थोडं वाढवून द्या’ असे गिऱ्हाइकाने म्हटले की पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून देणारे मेकॅनिक आमच्यात आहेत. तरुणपणी मीही ते केले आहे. त्याने हंगामभर ट्रॅक्टर जोरात चालतो, काळा धूर ओकतो, आणि मग हेड गॅस्केट जाते किंवा पिस्टन जातो. एका गिऱ्हाइकाचे हेड तडकल्यावर मी ते काम कायमचे सोडले. पण हेही पाहा की ती मागणी कुठून येते. पन्नासची अपेक्षा घेऊन आलेला माणूस चाळिसाच्या अनुभवावर समाधानी राहत नाही आणि मधल्या दहाचा जाब तो प्रयोगशाळेला विचारू शकत नाही. तो आम्हाला विचारतो.

इंजिनाची शक्ती उतरली की ती परत मिळवण्याचे कामही आमचेच, आणि त्या कामात तुमच्या आरेखनाने किती अडथळे घालून ठेवले आहेत, याचे काही नमुने देतो. माझ्याकडे येणाऱ्या एका मॉडेलचा ऑइल फिल्टर सेल्फच्या, म्हणजे इंजिन चालू करणाऱ्या मोटरच्या, बरोबर वर बसवला आहे. फिल्टर सोडला की जुने ऑइल थेट सेल्फवर सांडते. मी पत्र्याची एक पन्हळ कापून ठेवली आहे, ती खाली धरून ऑइल बाजूला वळवतो. कारखान्यात हे इंजिन उघडे असताना बांधले जाते, त्या वेळी फिल्टर हाताशी असतो. चेसिसवर बसल्यानंतर तो दोन बोटांच्या अंतरात जातो. बांधणाऱ्याला एकदा लागतो तो पाना सोडणाऱ्याला वीस वर्षे लागतो, याचा विचार आरेखन करताना होत असावा असे या जागा पाहून वाटत नाही.

बोल्टांचेही तसेच. आठ मिलिमीटरच्या बोल्टाला जपानी रीतीने बारा नंबरचा पाना लागतो आणि जर्मन रीतीने तेरा नंबरचा. एकाच झाकणावर मला दोन्ही सापडले आहेत, बहुधा दोन पुरवठादारांचे. ट्रॅक्टर रानात उभा, अंधार पडलेला, मोबाइलचा उजेड तोंडात धरलेला, आणि सहा बोल्टांपैकी चार बारानेच सुटतात. बाकी दोनांसाठी चार किलोमीटर परत जायचे. हे वाचताना हसू येईल, मलाही आता येते. तेव्हा आले नव्हते.

क्लच प्लेट बदलायला ट्रॅक्टर मधोमध फोडावा लागतो, हे मात्र मी तक्रारीत धरत नाही. ट्रॅक्टरची रचनाच तशी आहे, इंजिन आणि गिअरबॉक्स हेच त्याचे धड. तक्रार आहे ती फोडताना आड येणाऱ्या नव्या गोष्टींची : वायरिंगचा जुडगा ज्याला जोड हवा तिथे जोड नाही, हायड्रोलिकची नळी जी आठ बोटे लांब ठेवली असती तर सोडावी लागली नसती, आणि सेन्सरची पिन जी जमिनीपासून हातभर उंचीवर, चिखलाच्या आणि उंदरांच्या वाटेवर बसवली आहे. उसाच्या पट्ट्यात उंदीर काय करतात हे तुमच्या चाचणीच्या यादीत नसेल तर कृपया घाला. माझ्याकडे नव्या ट्रॅक्टरांची जी बंद पडलेली प्रकरणे येतात, त्यांत कुरतडलेल्या वायरी नेहमी असतात.

सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट नव्या, संगणकावर चालणाऱ्या इंजिनांची आहे. सेन्सरने काही वेगळे सांगितले की संगणक इंजिनाची शक्ती स्वतःहून कमी करतो, इंजिनाला इजा होऊ नये म्हणून. उद्देश योग्य आहे. पण त्या क्षणी शेतकऱ्याने पैसे मोजलेली अश्वशक्ती एका पिनेवरच्या गंजामुळे निम्म्यावर येते, आणि ती का आली हे वाचण्याचा स्कॅनर फक्त अधिकृत सेवा केंद्राकडे असतो. गळीत हंगामात ट्रॉली भरलेली असते, कारखान्याकडे रांग लागलेली असते आणि सेवा केंद्राचा माणूस परवा येणार असतो. मी त्या इंजिनाशेजारी हातात पाना घेऊन उभा असतो. मला दोष काढता येत नाही असे नाही. मला तो वाचू दिला जात नाही. धूर गाळणाऱ्या जाळीतली काजळी जाळण्यासाठी सायलेन्सरकडचा भाग सहाशे अंशांपर्यंत तापवला जातो, तेव्हा ट्रॅक्टर पाचटात उभा असला तर काय करावे, याची मराठीतली दोन ओळींची सूचनाही मी अजून कुठल्या ट्रॅक्टरवर चिकटवलेली पाहिली नाही.

दुरुस्तीची पुस्तिका मागितली तर ती विक्रेत्यापुरतीच आहे असे उत्तर मिळते. हेडचे बोल्ट किती टॉर्कने आवळायचे हे गुपित असण्याचे कारण काय असावे? आकडा न मिळाल्यामुळे कोणी मेकॅनिक हेड आवळणे थांबवत नाही. तो अंदाजाने आवळतो, आणि पुढे गॅस्केट गेले की दोष ‘बाहेरच्या मेकॅनिक’चा ठरतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा तिच्या विषयांत शेतीची अवजारे होती, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू झाले. माझ्या गॅरेजच्या भिंतीवर मात्र आजही मी स्वतः मोजून, चुकत-माकत लिहिलेले आकडे आहेत.

मोजणी आणि दुरुस्ती या दोन तक्रारी मी एकाच पत्रात का घालतो आहे, असा प्रश्न पडू शकेल. त्याला जुना दाखला आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याला जाहिरातीप्रमाणे काम न करणाऱ्या ट्रॅक्टरने फसवले. तो पुढे विधिमंडळात निवडून गेला आणि 1919 साली त्याने कायदा करून घेतला : राज्यात विकायच्या ट्रॅक्टरचे प्रत्येक मॉडेल विद्यापीठात तपासून घ्यायचे, आणि विकणाऱ्याने राज्यातच सुट्या भागांचा पुरेसा साठा ठेवायचा. 1920 पासून तिथे चाचण्या सुरू झाल्या. ताकद खरी सांगणे आणि दुरुस्तीची सोय करणे हे त्या शेतकऱ्याला एकाच कायद्यात मावणारे वाटले. त्या काळी अमेरिकेतले ट्रॅक्टर 10-20 किंवा 15-30 अशा जोड आकड्यांनी विकले जात. पहिला आकडा ओढण्याची ताकद, दुसरा पट्ट्याने दुसरे यंत्र फिरवण्याची. शंभर वर्षांपूर्वीच्या पत्रकावर जे दोन आकडे मावत होते, ते आजच्या बॉनेटवर मावत नाहीत असे होणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

बॉनेटवर, पत्रकात आणि जाहिरातीत जिथे जिथे अश्वशक्ती लिहाल, तिथे प्रमाणित 540 फेऱ्यांवरची पीटीओ शक्ती तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहा. आकड्याशेजारी किलोवॉट लिहा, म्हणजे कुठली अश्वशक्ती हा वाद राहणार नाही. ‘गट’ किंवा ‘श्रेणी’ हा शब्द वापरायचा असेल तर खरा आकडा त्याच ओळीत द्या.

चाचणी अहवालाचा एका पानाचा मराठी सारांश प्रत्येक विक्रेत्याच्या दुकानात लावा. त्यात गरम हवेतली शक्ती, राखीव टॉर्क आणि डिझेलचा खप एवढे असले तरी पुरे. रोटाव्हेटर किती फुटी चालेल, याची शिफारस पीटीओच्या आकड्यावरून करा आणि ती लेखी द्या.

हेड, बेअरिंग आणि फ्लायव्हील यांचे टॉर्क, टॅपेटचे अंतर, इंधनाचा दाब आणि संगणक दाखवतो त्या दोषांच्या संकेतांचे, म्हणजे फॉल्ट कोडचे, अर्थ ही माहिती कोणत्याही मेकॅनिकला मागताच मिळावी. फुकट द्या असे माझे म्हणणे नाही. वाजवी किमतीला पुस्तिका आणि कोड वाचण्यापुरता स्कॅनर मिळावा. संगणकातली मूल्ये बदलण्याचा अधिकार आम्हाला देऊ नका. सीलबंद पंपाचे आम्ही काय केले, ते मी वर लिहिलेच आहे.

शक्यतो प्रत्येक जिल्ह्यात, नाहीतर निदान राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली या कृषी विद्यापीठांच्या ठिकाणी, पीटीओला जोडून शक्ती मोजण्याचा डायनामोमीटर सामान्य शेतकऱ्यासाठी खुला असावा. त्याचा खर्च कंपन्यांनी एकत्र येऊन उचलावा. ट्रॅक्टर अर्धा तास जोडला की वाद मिटतो. ज्या तक्रारीवर सध्या लॅपटॉप पाहून शेरा लिहिला जातो, तिच्यावर दांड्याला अडवून काढलेला आकडा लिहिला जावा.

आणि नव्या मॉडेलचे आरेखन पक्के करण्याआधी ते दोन-तीन गावठी मेकॅनिकांकडून एकदा खोलवून घ्या. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, फॅन बेल्ट, सेल्फ आणि क्लच एवढी पाच कामे त्यांना करायला द्या आणि घड्याळ लावून शेजारी उभे राहा. त्यांनी काही बोलायची गरज पडणार नाही.

त्या शेतकऱ्याचे काय झाले ते सांगायचे राहिले. त्याने सहा फुटी रोटाव्हेटर तोटा सोसून विकला आणि पाच फुटी घेतला. आता ट्रॅक्टर बिनधुराचा चालतो, रानही चांगले फुटते, मात्र एकरामागे फेऱ्या वाढल्या. तक्रारपत्राची प्रत त्याने माझ्याकडे ठेवली आहे.

आपल्यापैकी कोणाला यायचे असेल तर ऊसतोडणी सुरू असतानाच्या दिवसांत या. रात्री राहण्याची सोय माझ्या घरी होईल. येताना बारा आणि तेरा असे दोन्ही नंबरचे पाने घेऊन या, कारण माझ्याकडचा तेराचा पाना सध्या दुसऱ्या गावी एका ट्रॅक्टरखाली आहे.

आपला नम्र,
एक ट्रॅक्टर मेकॅनिक,
कृष्णाकाठ, जिल्हा सांगली